जुन्या मोटारीचा ब्रेक

मोटार घ्यावयास निघालेला मनुष्य चार प्रश्न हमखास विचारतो. ती ताशी किती धावते, लिटरमागे किती अंतर तोडते, आत माणसे किती बसतात आणि किंमत काय. ती थांबते कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. थांबणे हा जणू तिचा जन्मजात गुण आहे असे आपण धरून चालतो. नव्या मोटारीच्या बाबतीत हा विश्वास एक वेळ क्षम्य आहे. परंतु जी मोटार साठीच्या घरात आली, आणि त्यांतील पुष्कळ वर्षे पत्र्याच्या छपराखाली नुसती उभी राहिली, तिच्या बाबतीत तोच विश्वास जिवावर बेतू शकतो. अशा जुन्या मोटारीचा ब्रेक पुन्हा नव्याने कसा उभा करावा लागतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी शिक्षक, यंत्रकारागीर नव्हे. तथापि माझा एक विद्यार्थी नांदेडला मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवितो, आणि सेवानिवृत्तीनंतरच्या माझ्या पुष्कळशा दुपारी त्याच्या बाकावर जातात. तेथे जे पाहिले आणि पुस्तकांशी ताडून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या भागात वडिलार्जित मोटार म्हणजे बहुधा फियाट नाही तर ॲम्बॅसेडर. ॲम्बॅसेडर बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होई; तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. फियाट तर आपल्या मुंबईचीच. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडे. पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन पिढ्यांची सेवा केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तेथूनही ती निवृत्त झाली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेच्या आणि आठवणीच्या. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. मात्र अशी मोटार रोजच्या कामाला वा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच तिला रस्त्यावर मुभा आहे. ज्यांना आपली गाडी नेहमीसारखी वापरावयाची आहे, त्यांना नेहमीच्याच नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतर करून घ्यावे लागते.

लातूरच्या एका व्यापारी कुटुंबाची अशीच एक फियाट, १९६० नंतरच्या दशकातली, गेल्या वर्षी ट्रकवर घालून नांदेडला आली. आजोबांनी हौसेने घेतलेली ही गाडी त्यांच्या मागे बारा वर्षे उभी होती. घरात नातवाचे लग्न ठरले होते, आणि नवदांपत्याला आजोबांच्या मोटारीतून माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास न्यावे, अशी घरातील मंडळींची इच्छा होती. इंजिन आधीच सुरू करून घेतलेले होते. रंग नवा होता, पितळी-पोलादी भाग आरशासारखे चमकत होते. दोष एकच दिसत होता: डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओली होती आणि ब्रेकचे पेडल दाबले की थेट फळीला टेकत होते. गृहस्थ म्हणाले, “तेवढे एक सिलिंडर बदलून द्या. तपासणी व्हावयाची आहे आणि लग्न तोंडावर आले आहे.”

माझ्या विद्यार्थ्याने गाडीखाली शिरून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला, “काका, करीन तर पेडलापासून चारही चाकांपर्यंत सगळे करीन. एकच चाक करायचे असेल तर मला सांगू नका.” खर्च तिपटीच्या वर आणि वेळ पंधरा दिवसांचा. गृहस्थांच्या मुद्रेवर जे उमटले ते आपण ओळखलेच असेल. बिल फुगविण्याची ही युक्ती आहे, असे त्यांस वाटले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा, जे बिघडले तेवढेच दुरुस्त करावे की नाही?”

प्रश्न वाजवी होता. घराचे एक कौल फुटले तर आपण सगळे छप्पर उतरवीत नाही. मग ब्रेकलाच निराळा न्याय का? याचे उत्तर सतराव्या शतकात होऊन गेलेल्या एका फ्रेंच विद्वानाने शोधलेल्या नियमात आहे. ब्लेझ पास्कल हा १६२३ साली जन्मला आणि अवघ्या ३९ व्या वर्षी वारला. त्याचा नियम आपण शाळेत पाठ केला होता: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब द्रवात सर्वत्र आणि सर्व दिशांनी सारखाच पसरतो. या नियमाचा उपयोग करून अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने द्रवदाबाने चालणारा मोटारीचा ब्रेक बनविला आणि १९१७ साली त्याचे पेटंट मिळविले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असा ब्रेक होता. १९२४ साली क्रायस्लरने तो आपल्या मोटारीत घेतला. फोर्डसारख्या प्रचंड कारखान्याने मात्र १९३९ पर्यंत दांड्या आणि तारा यांचाच ब्रेक चालू ठेवला होता.

त्याची रचना थोडक्यात अशी. पेडलाला जोडलेला एक मुख्य सिलिंडर असतो. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यातून निघालेल्या बारीक धातूच्या नळ्या चारही चाकांकडे जातात. चाक हलते, म्हणून शेवटच्या टप्प्यावर रबरी नळी असते. प्रत्येक चाकात लहान सिलिंडर असतो; त्यातील दट्टे दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्यांना, म्हणजे ब्रेक-शूंना, बाहेर ढकलतात आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवितात.

आता थोडे गणित करू. समजा, पायाचा जोर २० किलोचा आहे आणि पेडलाच्या तरफेमुळे तो पाचपट होतो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोचा जोर आला. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर धरले, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब होतो. चाकातील प्रत्येक दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल तर प्रत्येक शूवर १६० किलोचा जोर येतो. चार चाकांत असे आठ दट्टे. वीस किलोच्या पायाने एवढी किमया होते. परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. मुख्य दट्टा १६ मिलिमीटर सरकला तर ४ घनसेंटिमीटर द्रव पुढे जातो. तो आठ दट्ट्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम सव्वा मिलिमीटरची हालचाल येते. म्हणजे या यंत्रात जोर भरपूर आहे. चैनीला मात्र जागा नाही. नळीत एक घनसेंटिमीटर हवा राहिली, तर ती दाबली जाण्यातच पायाची पावपट धाव खर्ची पडते. शू आणि ड्रम यांत अंतर वाढले तर उरलेली धावही संपते, आणि पाय फळीला लागतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. दाब सर्वत्र सारखा, हा या यंत्राचा गुण आणि हाच त्याचा धोका. साठ वर्षांपूर्वीच्या या गाड्यांत चारही चाकांना मिळून द्रवाचा एकच मार्ग असे. पुढच्या-मागच्या चाकांचे दोन स्वतंत्र मार्ग ही नंतरची सुधारणा आहे. एकाच मार्गावर कोठेही एक भोक पडले, तर ब्रेक पाव भागाने कमी होत नाही. तो समूळ जातो. शिवाय एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गळती चालू असते तोवर नळ्यांत पुरता दाब भरतच नाही. एका चाकाची गळती बंद केली की बारा वर्षांत प्रथमच तो ४० किलोचा दाब बाकीच्या गंजलेल्या नळ्यांवर आणि कुजलेल्या रबरावर एकदम येऊन पडतो. म्हणून एकच भाग नवा केला तर गाडी सुरक्षित होण्याऐवजी दुसऱ्या दुबळ्या जागेची परीक्षा सुरू होते. आणि ती परीक्षा गॅरेजात होईल की माहूरच्या उतारावर, हे आपल्या हाती नसते. छपराचे एक कौल फुटले तर दुसऱ्या कौलावर भार वाढत नाही. येथे तो वाढतो.

हे त्या गृहस्थांना पटले, आणि सर्व भाग सोडविण्यास त्यांनी संमती दिली. पुढच्या तीन दिवसांत जे बाहेर आले ते सांगतो. ओल्या चाकाचा सिलिंडर गळत होता हे उघडच होते. समोरच्या उजव्या चाकातील दट्टे गंजाने असे घट्ट बसले होते की हातोडीवाचून ते हलेनात; म्हणजे ते चाक ब्रेक मारीतच नव्हते. मागच्या आसावरून जाणारी नळी बाहेरून रंगविलेली आणि सुबक दिसे. परंतु ज्या चिमट्याखाली ती बसविली होती त्या जागी माती व ओल साचून ती इतकी खंगली होती, की खिळ्याचे टोक टेकताच आत गेले. समोरची एक रबरी नळी आतून फुगून जवळजवळ बंद झाली होती. अशी नळी पायाच्या जोराने द्रव पुढे जाऊ देते, पण परत येऊ देत नाही. मग पाय काढला तरी चाक धरलेलेच राहते आणि ड्रम तापत जातो. यातील एकही दोष बाहेरून दिसत नव्हता.

लोखंड गंजले हे समजते. पण जेथे सदा द्रव भरलेला असतो तेथे आतून गंज कसा येतो? त्याचे कारण त्या द्रवाच्या स्वभावात आहे. बाजारात आपण त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि या नावानेच पुष्कळ घात केला आहे. कारण तो पदार्थ तेल नव्हे. जुन्या काळी तो एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. आज तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा बनवितात. ‘ऑइल’ हा शब्द ऐकून कोणी त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर आतील रबरी कप फुगून निकामी होतात आणि झाडून सगळे रबर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरे असे की हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. मीठ जसे पावसाळ्यात पाणी धरते तसाच. आपला मराठवाडा कोरडा खरा, पण चार महिने पावसाळी हवा येथेही असते, आणि बारा वर्षांत असे बारा पावसाळे त्या टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून आत गेले. हे मुरलेले पाणी लोखंडाला खाते.

ओलीचा दुसरा परिणाम याहून भयंकर आहे. डॉट ३ या प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. त्यात शेकडा चारच्या आत पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची हीच दोन मापे २३० आणि १५५ अशी आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, त्याच्या आतील सिलिंडर तापतो, आणि पाणी मुरलेला द्रव उकळून त्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते. पेडल अकस्मात मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. वैशाखातले ऊन, गाडीत पाच माणसे आणि गडाचा उतार, एवढे सारे एकत्र आले असता हा योग दूरचा नाही. म्हणून द्रव दर दोन वर्षांनी बदलावा, आणि उघड्या राहिलेल्या जुन्या डब्यातला कधीही वापरू नये.

आता दुरुस्तीचा क्रम. सर्वांत आधी चाके उतरविली. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली असता वर्षानुवर्षांनी घातक रोग उद्भवतात. गॅरेजातील पोरे ती धूळ हवेच्या झोताने उडवितात. तसे कदापि करू देऊ नये. माझा विद्यार्थी ड्रम ओल्या फडक्याने पुसतो आणि ते फडके पिशवीत बांधून टाकतो.

चाकांचे सिलिंडर नवे मिळाले, कारण टॅक्सीच्या काळात ते हजारोंनी बनले होते. मास्टर सिलिंडर मात्र त्या जातीचा मिळेना. त्याच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे होते. बारीक घासणीने किरकोळ डाग निघतात; खड्डे निघत नाहीत, आणि खड्ड्यावरून रबरी कप फिरला की तो कापला जातो. म्हणून तो सिलिंडर लातूरच्या एका लेथवाल्याकडे पाठवून आतून कापून घेतला, त्यात पितळी नळी घट्ट बसविली आणि मूळच्या मापास आणली. मास्टर सिलिंडरमध्ये टाचणीएवढे एक छिद्र असते. पाय काढल्यावर तापून फुगलेला द्रव त्यातून टाकीत परत जातो. हे छिद्र बुजले, किंवा पेडलाला थोडी मोकळी चाल ठेवली नाही, तर गाडी चालता चालता आपोआप ब्रेक धरू लागते. एवढ्याशा छिद्रावर एवढा मोठा कारभार अवलंबून असतो.

धातूच्या नळ्या सगळ्या नव्या केल्या. त्यांची टोके दुहेरी मुडपून बसवावी लागतात. साध्या एकेरी मुडपीला या दाबाखाली चीर जाते. घरच्या पाण्याच्या नळाचे जोड येथे चालत नाहीत, हे सांगावयास नको. पण सांगितले पाहिजे, कारण तसे जोड लावलेल्या गाड्या त्या गॅरेजात आलेल्या मी पाहिल्या आहेत. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. ड्रम लेथवर सारखे करून घेतले आणि शूंना नवे लायनर बसविले.

शेवटचे काम हवा काढण्याचे. त्याला दोन माणसे लागतात: एक पेडलावर, दुसरा चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावयाचा. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील द्रवात बुडवून ठेवितात. “दाबा” म्हटले की पहिल्याने दाबावयाचे. दुसऱ्याने निपल सोडून बुडबुडे जाऊ द्यावयाचे आणि निपल बंद केल्यावर “सोडा” म्हणावयाचे. निपल बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर हवा उलट आत शिरते. मध्ये टाकी रिकामी होऊ द्यावयाची नाही. हे काम मोठे कंटाळवाणे आहे. पण बुडबुडे संपून पेडल दगडासारखे घट्ट लागले, तेव्हा त्या गॅरेजातील सर्वांच्या मुद्रा उजळल्या. एक सावधगिरी: जुना मास्टर सिलिंडर न उघडता ही क्रिया केली, तर पेडल नेहमीपेक्षा खोल जाते, आतला कप वर्षानुवर्षे न वापरलेल्या गंजक्या भागावरून घासतो आणि चांगला चालणारा सिलिंडरही त्याच दिवशी गळू लागतो. अर्धवट दुरुस्तीचा हा आणखी एक प्रसाद.

परीक्षा तीन टप्प्यांत झाली. प्रथम गाडी उभी असतानाच पेडल जोराने एक मिनिट दाबून धरले; ते हळूहळू खाली जाते की काय ते पाहिले. मग मोकळ्या मैदानात सायकलच्या वेगाने, नंतर थोड्या अधिक वेगाने ब्रेक लावून गाडी एका बाजूस ओढत नाही ना, ते पाहिले. पुढे शंभर किलोमीटर चालवून सर्व जोड पुन्हा पुसून तपासले. हात-ब्रेकही नीट केला. तो तारेने वा दांड्याने चालतो, द्रवावर अवलंबून नसतो, म्हणून अडचणीच्या वेळी तोच शेवटचा सोबती.

लग्न झाले, गाडी गडावर जाऊन आली. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधाने उतरावे आणि ब्रेक सतत न दाबता अधूनमधून लावावा, एवढा उपदेश माझ्या विद्यार्थ्याने सोबत दिला होता. वाटेत काही घडले नाही. ब्रेकच्या कामाचे यश असेच असते. रंगाची स्तुती दहा जण करतात, इंजिनाचा आवाज लोक थांबून ऐकतात. ब्रेक उत्तम असला तर त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. जे दिसत नाही आणि ज्याची वाहवा होत नाही, ते काम पुरते करणाऱ्या कारागिरावर आपण खर्च वाढविल्याचा आळ घेतो. आणि जो थोडक्यात भागवितो त्याला भला म्हणतो, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरी किंवा गावाकडच्या वाड्यात एखादी जुनी मोटार उभी असेल, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे मनात असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. पैसे मोजके असतील तर रंगाचे काम पुढच्या वर्षावर टाका. बैठकीचे कापड जुनेच राहू द्या. पण पहिला रुपया ब्रेकवर खर्च करा, आणि तो अर्ध्यावर सोडू नका. इंजिन सुरू करण्याच्या आधी गाडी थांबेल याची खात्री करून घ्या. कारागीर जर म्हणाला की एकच चाक करणार नाही, तर त्याच्यावर रागावू नका; त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि काम सोपवा. त्याच्या त्या हट्टामागे आपल्याच मुलाबाळांची काळजी आहे.